देवात ठेवलेला तुकडा

हर्षालीने देव्हाऱ्यातली डबी उघडली. रात्री कापसात ठेवलेला काळा तुकडा सकाळी नव्या घंगाळासारखा लखलखत होता.

“आये, याला कुणी हात लावला?”

“मीच घासला की,” तुकाबाई परसातून म्हणाली. तिच्यापुढे देवांचे टाक, समया, ताम्हन, सगळं उन्हात वाळत होतं. भैरवनाथाची यात्रा तोंडावर आली होती. “चिंचंनं हटंना, मग विटकर लावली. आतनं तांबं निघालं बघ! लई घाण चढली व्हती.”

“घाण नव्हती ती!”

आता हिला सांगायचं कुठून? ॲल्युमिनियमच्या भट्टीत कोळशाचे ठोकळे लागतात आणि ते जळून संपतात. त्यांच्या जागी न जळणारा ठोकळा हवा, म्हणून हर्षाली पुण्याच्या प्रयोगशाळेत धातू आणि सिरॅमिक एकत्र भाजत बसली होती. लोडशेडिंगला शिव्या घालत. भट्टीच्या तापलेल्या हवेत एकेक तुकडा फुगला, तडकला, भुगा झाला. हा एकटाच तगला. का तगला, ते त्याच्या अंगावरच्या काळ्या थरात होतं, आणि तो थर उद्या नाशिकच्या मशीनखाली मोजायचा होता. वाटेत कळंब लागतं म्हणून बाईसाहेब एक रात्र घरी उतरल्या. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा कोणती? देव्हारा! अक्कल म्हणतात ती हीच.

“देवातलं यात्रंला काळं ठेवत्यात व्हय?” तुकाबाईने पदराला हात पुसले.

“डबीत व्हता ना, कापसात!”

“म्हणून तर. यवढा जपलाय म्हंजे कुठनं तरी देव आणला आसंल, आसं वाटलं मला.”

हर्षालीने कपाळावर हात मारला. “आगं, त्यो थर व्हता म्हणून आतलं जळालं न्हाई! त्योच काढलास तू. आता प्रयोगशाळेतल्या सरांना काय दाखवू? चकाकी?”

“परत भाजायचा मग. त्यात काय यवढं?”

हर्षाली तरातरा चुलीपाशी गेली. भाकरीचा तवा ओढला, विटकर उचलली आणि तव्यावर खसाखसा घासू लागली.

तुकाबाई धावत आली. तिने लेकीचं मनगटच धरलं. “याड लागलं का तुला? माझ्या सासूपासनंचा तवा हाय त्यो! वरचा थर गेला का तवा गंजतो, भाकर चिकटती. किती वर्सं लागत्यात त्यो थर धरायला...”

ती मध्येच थांबली. लेकीच्या हातातली विटकर तिने काढून घेतली आणि परसात लांब फेकून दिली.

मग ती तवा घेऊन देव्हाऱ्यापुढे बसली. तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि तो लखलखता तुकडा काळा करू लागली.