निरभ्र आभाळाच्या नोंदी

जावयाला घरात येऊन अर्धा तास झाला नव्हता, आणि त्याने आधी मागितली ती वही. बायकोला, लिडियाला, कुठे पुरलं, हा प्रश्न अजून त्याच्या तोंडून निघायचा होता. केझाया पेलने वही आणून त्याच्यापुढे आदळली. आपल्या पोटच्या पोरीला हाच माणूस मिळायचा होता, असं तिच्या मनात आलं.

सकाळी न्यूपोर्टच्या धक्क्यावर एनॉस बार्करसाठी तोफा उडाल्या होत्या. अकरा वर्षं लंडनच्या दरबारात वसाहतीची बाजू मांडून, एक जाचक कर रद्द करवून तो परतला होता. बिनधुराची शेगडी हा त्याचाच शोध. गावोगावच्या चर्चच्या मनोऱ्यांवर वीज झेलून जमिनीत सोडणारी लोखंडी सळई, तीही त्याचीच. पहिली सळई त्याने आपल्याच छपरावर लावली होती. तिची तार जिन्यात उतरे, दोन घंटांपाशी. ढगांत वीज भरली की मधली पितळी गोळी आपोआप नाचे आणि घंटा वाजत. वाजल्या की दिवस, वेळ आणि आभाळ कसं ते लिहायचं, एवढं बायकोला बजावून तो जहाजावर चढला होता.

लिडिया फेब्रुवारीत गेली. मयतीला आलेल्यांना काळे हातमोजे वाटतात, त्यातला एक जोड केझायाने जावयासाठी ठेवला होता. तो त्याने न उघडता बाजूला सारला.

"सासूबाई, हे बघा." त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. "'घंटा वाजल्या. आभाळ निरभ्र.' पुढे पुन्हा तेच. सतरा वेळा. ढगच नाहीत तर वीज आली कुठून? गुरुवारी विद्वानांच्या सभेत मी हेच वाचणार. आपण काय लिहून ठेवलंय, हे तिला कळलंसुद्धा नसेल."

"तिला चांगलं कळत होतं."

चार शहाण्यांनी ती वही तपासली तर लेकीचं नाव जाणार होतं. खरं सांगावं, तर याच्यापुढे जाणार होतं.

"फेब्रुवारीनंतर काहीच नाही. वाजल्याच नाहीत?"

"वाजल्या. तीन वेळा."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिणारी गेली, जावईबापू. मी सहीच्या जागी फुली मारते."

"आभाळ कसं होतं?"

"निरभ्र."

लेक गेल्यावर पहिल्यांदा वाजल्या तेव्हा केझाया पीठ मळत होती. तशाच भरल्या हातांनी ती जिन्यापर्यंत गेली. गोळी हलत होती. जिन्यावर कोणी नव्हतं. हे तिने पाद्र्यालाही सांगितलं नव्हतं.

एनॉसने घाईघाईने दौत ओढली. "म्हणजे वीस!" त्याचा चेहरा उजळला. लग्नाच्या दिवशीही तो इतका उजळलेला केझायाने पाहिला नव्हता. तिचं ठरलं.

"लेखणी ठेव, एनॉस. त्या सतराही वेळा गोळी तिने बोटाने हलवली. शाल पांघरून जिन्यात उभी राहायची. मी डोळ्यांनी बघितलंय."

"पण का?"

"खोकला जात नाही म्हणून लिहिलं, तर तुझ्या दोन ओळी यायच्या. घंटा वाजल्या म्हणून लिहिलं की चार पानं. सगळी ढगांची. तरी मला वाचून दाखवायची, दोन-दोनदा."

लेखणीतून शाईचा थेंब वहीवर पडला. त्याने तो टिपला नाही. हळूच विचारलं, "मग फेब्रुवारीनंतर कोणी हलवली?"

खिडकीबाहेर जूनचं लख्ख ऊन पडलं होतं. जिन्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

"उद्या माणूस बोलावतो," तो म्हणाला. "सळई उतरवून टाकू. तारसुद्धा."

"हात लावायचा नाही. अकरा वर्षं तिने घंटा ऐकल्या आणि तुला लिहिलं. आता तू ऐक. आणि कोणाला लिहायचं, ते तुझं तू बघ."