घासलेल्या डिस्क

मेस्त्रींनी पुढचं चाक उतरवून ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं. कडेला धारदार कंगोरा आला होता. "साहेब, दोन्ही डिस्क पार झिजल्यात. बदलाव्याच लागतील. घाटात ब्रेक दगा देतील."

"नुसत्या घासून चकचकीत करा," शिरीष म्हणाला. "उद्या गाडी विकतोय. आपल्याला थोडंच बसायचंय तिच्यात?"

शेजारी उभ्या असलेल्या वृषालीला नवऱ्याची किळस आली. हाच माणूस दर सहलीआधी गाडी इथे आणायचा, मुलं मागे बसणार म्हणून ब्रेक दोनदोनदा तपासून घ्यायचा. त्या काळजीचं तिला बारा वर्षं केवढं कौतुक होतं!

"माझ्याकडून हे होणार नाही," मेस्त्री हात पुसत म्हणाले.

"मग दुसरा कुणी करेल." आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याने ते केलंही.

सकाळी चिपळूणचे घेवडेमास्तर बायको आणि दोन मुलींना घेऊन कराडला गाडी न्यायला आले. मुली लगेच मागच्या सीटवर चढून उड्या मारू लागल्या. "ब्रेक अगदी नव्यासारखे आहेत," म्हणत शिरीषने हसत किल्ली पुढे केली.

ती वृषालीने मध्येच काढून घेतली. "मास्तर, डिस्क झिजल्यात. यांनी काल नुसत्या घासून घेतल्या. या गाडीने कुंभार्ली घाट उतरू नका."

मास्तरांनी मुलींना खाली उतरवलं.

ते गेल्यावर, "माझी अब्रू घालवलीस!" म्हणत शिरीषने तिचा दंड धरला. अंगावर पडलेली पाल झटकावी, तसा तिने तो हात झटकला.