अठरा हातांचा खांब

जवळ सरका मंडळी, एका अतिशहाण्या डबड्याची गोष्ट सांगतो. कोकणातल्या बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी यहुद्यांच्या, प्रार्थनालयात ते पोथी वाचून शलमोन राजाचं मंदिर हवेत उभं करणार होतं. पंचांना पसंत पडलं, तर तिथे हीच गोष्ट गाऊन सांगणाऱ्या सिगुलाबाईंचं कीर्तन कायमचं बंद.

"बाई, तुमच्या वर्णनात माणसं पेंगतात," यंत्रवाले पेझारकर म्हणाले. "हे साक्षात दाखवतं."

"दाखवू दे मेल्याला," बाई फणकारल्या.

यंत्राने वाचलं, 'खांबाची उंची अठरा हात.' लगेच प्रकाशाचा पितळी खांब उभा राहिला आणि त्याला अठरा हात फुटले, बोटांसकट!

"छान! आता टाळ्याही तोच वाजवील," बाई म्हणाल्या. "अहो पेझारकर, कोपर नाही त्याला हात काय कळणार?"

बाईंनी आपला हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत जमिनीवर टेकवला. त्याच्यापुढे दुसऱ्याने, मग तिसऱ्याने टेकवला. अठरावा हात थेट दाराशी पोचला आणि पंचांनीच बाईंच्या हाती झांजा दिल्या.

तेव्हा मंडळी, शलमोनासाठी पितळ ओतणाऱ्या ज्या ओताऱ्याने स्वतःच्या कोपराने तो खांब मोजला असेल, त्याची तेवढी आठवण ठेवा.