कोरडी जागा

सकाळची मासळी उतरवून दाजीने होडी वाळूवर ओढली. तिला गावातलं पहिलं इंजीन बसणार होतं. बॅटरीला पाणी लागता कामा नये, म्हणून सरकारी मिस्त्री मघापासून जागा शोधत होता.

"मागच्या फळयेखाली बसवा. थंय पाणी येणा नाय," दाजीची बायको सुंदरा वाळूवरूनच म्हणाली.

मिस्त्री हसला. "बाई, तुम्ही होडीत कधी चढलात?"

"बायलमाणसान होडयेत पाय ठेवचो नसता. पण ह्यांची आगपेटी थंयच आसता. घराक इली की तिच्याच काडयेन माजी चूल पेटता. वीस वर्सात एक काडी सादळाक नाय."

दाजीने फळीखाली हात घालून आगपेटी काढली, एक काडी ओढली आणि ती पेटती काडी जमलेल्या गावाला दिसेल अशी उंच धरली.