नलिनीचं शेवटचं प्रसारण

“काका, एकच फ्रिक्वेन्सी धरा, खरखर कमी होईल,” शेजारची मृण्मयी म्हणाली.

“तुझी काकू एका जागी टिकली तर ना,” मुकुंदराव म्हणाले. नलिनीने घरी जुळवलेला ट्रान्समीटर तापला की फ्रिक्वेन्सी सरकायची. म्हणून त्यांनी गच्चीवर सगळा पट्टा ऐकणारा वाइडबँड रिसीव्हर लावला होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या लहरी दूरच्या धूलिमेघावर आदळून आता परत येत होत्या. नलिनीचं शेवटचं प्रसारण आज यायचं होतं. त्या दिवशी मुकुंदरावांनी रागाने दुकानातला, तिच्याशी बोलायचा रेडिओ सेट बंद ठेवला होता, आणि ते घरी पोचण्याआधीच ती वारली होती.

खरखरीतून आवाज आला. “अहो, रागवा, पण जेवायला या. ओव्हर.”

मुकुंदरावांनी तिच्या जुन्या ट्रान्समीटरचा माइक तोंडाजवळ धरला. “ऐकलं, नलू. येतो.”