सात फ्लॉप्या

रिटायर झाल्यावर ह्यांचं ऑफिसातलं इंटरनेट कायमचं बंद होणार होतं. "हवं ते फ्लॉपीवर उतरवून घ्या," असं साहेबांनी महिनाभर आधीच बजावलं होतं.

तेव्हापासून हे रोज चिडूनच दुर्गाघाटावरच्या घरी परतायचे. कधी लाइन तुटायची, कधी बिजली जायची, कधी भरलेली फ्लॉपीच उघडायची नाही.

शेवटच्या दिवशी मात्र हार गळ्यातच ठेवून आले आणि सात फ्लॉप्या माझ्या हातात दिल्या. "घे, अख्खा ऋग्वेद आणलाय! आता कुठं जात नाही."

आतल्या खोलीत पंच्याऐंशीचे मामंजी डोळे मिटून तोच ऋग्वेद म्हणत होते.

"आणि मैत्रेयीची पत्रं?" मी विचारलं. आमची लेक जर्मनीहून ह्यांच्या त्या कॉम्प्युटरवरच पत्रं पाठवायची, पार मागच्या वर्षी ती वारली तोवर.

हे माझ्यावरच खेकसले, "लाइन मिळत होती कुठे? आधी महत्त्वाचं ते उतरवलं!"

मी फ्लॉप्या खाली आपटल्या.

"ऋग्वेद मामंजींना पाठ आहे हो! मैत्रेयीची पत्रं कुणाला पाठ आहेत?"