वाटेतले मुक्काम

माझ्या टिकल्यांचं पाकीट संपवून नवऱ्याने टेबलावरच्या नकाशात मुक्काम चिकटवले. माझ्या निवृत्तीची भेट म्हणे! घाट, समुद्र, जंगल.

"घाटातली ही टिकली?"

"आत्याचं घर."

"समुद्राजवळची?"

"ताईचं. तिच्या गच्चीतून समुद्र दिसतो, कपडे वाळत नसले की."

"आणि जंगलात?"

"मावसभाऊ आहे ना! वाघाचे फोटो काढतो तो. दाखवेल."

थोर माणूस! लग्नापासून यांच्याबरोबर फिरले, म्हणजे दरवेळी नव्या ओट्यावर पोळ्या लाटल्या.

"पहाटे निघू. मला झोप लागली तरी तू गाडी नीट चालव."

समुद्राजवळची टिकली उचकटून मी कपाळाला लावली. "गाडी मी नेतेय, हॉटेलात उतरेन. तुम्ही एसटीने आत्यांकडे जा. पोळ्या लाटायला माणूस लागेलच त्यांना."